आपल्या गावचा संघ





या अंकात खेळाविषयी चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची सूचना आली. खरे पाहता हे काम आमच्या क्रीडा शिक्षकांचे. आम्ही कधी कोणत्या संघातून खेळलो नाही, आमच्या नावावर एकही ढाल किंवा प्रमाणपत्र नाही. पण मैदानावर खेळणारे जसे लागतात, तसे कडेला बसून पाहणारेही लागतात, आणि त्या कामाचा आम्हाला चाळीस वर्षांचा अनुभव आहे. पदवीपर्यंतचे आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, क्रिकेटही आम्ही आकाशवाणीच्या हिंदी समालोचनातून शिकलो. तेव्हा लिहिताना एखादा हिंदी शब्द मध्येच डोकावला, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आम्ही हैदराबादच्या संघाचे शौकीन आहोत. भारताच्या संघाचे तर सगळेच असतात. आम्ही बोलतो आहोत ते रणजी करंडकात खेळणाऱ्या हैदराबादबद्दल, गच्चीबावलीत होणाऱ्या फुटबॉलबद्दल, आणि शहरातल्या शाळा-शाळांच्या सामन्यांबद्दल. पन्नाशी उलटलेल्या अशा माणसाचा दिनक्रम थोडा गमतीचा असतो. सकाळी वर्तमानपत्र आले की ते मागच्या पानापासून उघडायचे. वर मोठ्या अक्षरांत लंडन-मेलबर्नच्या बातम्या असतात. आमची नजर जाते ती खाली कोपऱ्यात, बारीक टाइपात छापलेल्या रणजीच्या धावफलकावर. त्यासाठी चष्मा बदलावा लागतो. घरची मंडळी विचारतात, "जिंकले का तुमचे?" सामना चार दिवसांचा, त्यामुळे तीन दिवस उत्तर एकच, "अजून ठरायचे आहे." चौथ्या दिवशी बहुधा कोणी विचारत नाही, कारण उत्तर चेहऱ्यावर असते.

रविवार किंवा सुट्टी आली आणि सामना शहरातच असला, तर डबा, पाण्याची बाटली आणि रक्तदाबाची गोळी घेऊन निघायचे. २०१७ पासून मेट्रो सुरू झाली, तिच्या निळ्या मार्गावर 'स्टेडियम' नावाचे स्थानकच आहे, त्यामुळे उप्पलला जाणे सोपे झाले. पूर्वी फतेह मैदानाच्या, म्हणजे लाल बहादूर स्टेडियमच्या पायऱ्यांवर आम्ही दिवसभर उन्हात बसत असू. आता आधी सावली शोधतो आणि मग फलंदाज कोण आहे ते पाहतो. शेजारी कोण येऊन बसेल याचा नेम नसतो. कोणी तेलुगू, कोणी जुन्या शहरातला उर्दू बोलणारा, कोणी कानडी, कोणी आपल्यासारखा मराठी. चेंडू यष्टीबाहेर जात असताना फलंदाजाने बॅट घातली की सगळ्यांच्या तोंडून एकच शब्द निघतो, "नक्को!" हा दखनीतला शब्द आपल्या मराठीतल्या 'नको' वरूनच आलेला आहे. आपली भाषा या शहरात किती मुरली आहे, हे आम्हाला ग्रंथालयापेक्षा मैदानावर जास्त कळले.

मुले आम्हाला एक प्रश्न नेहमी विचारतात. "आपण मराठी, मग मुंबई आणि हैदराबाद यांचा सामना असेल तर आपण कोणाच्या बाजूचे?" प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर टाळू नये.

रणजी करंडक हैदराबादने आतापर्यंत दोनदाच जिंकला. पहिल्यांदा १९३७-३८ मध्ये, मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात नवानगरला अवघ्या एका गड्याने हरवून. एदुलजी ऐबारा यांनी त्या वेळी नाबाद १३७ धावा काढल्या. तेव्हा आजचे छत्रपती संभाजीनगर, नांदेड, परभणी, बीड आणि धाराशिव हे सारे जिल्हे हैदराबाद संस्थानातच होते. म्हणजे तो विजय जितका चारमिनारचा, तितकाच गोदावरीकाठचाही होता. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा मात्र काचिगुडा, सुलतान बाजार, शाहअलीबंडा इथेच राहिले. नकाशावरची रेघ हलली, घरे हलली नाहीत. तेव्हा हा संघ आपल्यासाठी परका कधीच नव्हता.

दुसरे विजेतेपद १९८६-८७ चे. एम. व्ही. नरसिंहराव कर्णधार होते आणि दिल्लीच्या कोटला मैदानावर दिल्लीला पहिल्या डावाच्या आघाडीवर हरवले होते. आम्ही तेव्हा कॉलेजच्या वयाचे होतो. त्यानंतर आजतागायत करंडक हैदराबादला आलेला नाही. १९९९-२००० मध्ये अंतिम फेरी गाठली. त्या हंगामात व्ही. व्ही. एस. लक्ष्मणने एकट्याने १४१५ धावा काढल्या. एका रणजी हंगामातला तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. पण अंतिम सामना वानखेडेवर होता, समोर मुंबई होती, आणि करंडक मुंबईनेच नेला. त्या दिवशी आपल्या कित्येक घरांत अर्धे लोक आनंदात आणि अर्धे गप्प होते. मुंबईचे कौतुक आम्हालाही आहे. तरीही आम्ही गप्प बसणाऱ्यांत होतो. ज्या गावाचे पाणी पितो, ज्या गावच्या रस्त्यावर आपली मुले खेळतात, त्या गावचा संघ तो आपला संघ, असे आम्ही मानतो. यात मराठीपण कुठे कमी होत नाही. पुण्यात २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खोचा अंतिम सामना झाला, त्यात तेलुगू योद्धाज संघाचा कर्णधार महाराष्ट्राचा प्रतीक वाईकर होता. तेलुगू नावाच्या संघासाठी तो पुण्यात जीव तोडून खेळला आणि ओडिशाकडून एका गुणाने हरला. त्याला जे जमले, ते बघणाऱ्यांना का जमू नये?

आता जरा कडू विषय. आमच्या शाळेतल्या कोणत्याही वर्गात जाऊन विचारा, आयपीएलच्या दहाही संघांची नावे मुले एका दमात सांगतील. हैदराबादच्या रणजी संघातले तीन खेळाडू सांगा म्हटले, तर वर्ग शांत होतो. याचा दोष मुलांना देण्यात अर्थ नाही. मोबाईलवर जे समोर येते तेच ती पाहतात, आणि मोबाईलवर नेहमी जिंकणारे आणि चमकणारेच समोर येतात.

२६ जानेवारी २०२४ चा दिवस घ्या. उप्पलला भारत आणि इंग्लंड यांच्या कसोटीचा दुसरा दिवस होता. सगळ्या देशाचे लक्ष तिकडे होते, आणि ते साहजिकच होते. त्याच दिवशी, याच शहरात, दुसऱ्या एका मैदानावर हैदराबादचा तन्मय अगरवाल अरुणाचल प्रदेशाविरुद्ध रणजीच्या प्लेट गटातला सामना खेळत होता. त्याने १४७ चेंडूंत त्रिशतक काढले. प्रथम श्रेणी क्रिकेटच्या साऱ्या इतिहासात इतक्या वेगाने त्रिशतक कोणी काढले नव्हते. दुसऱ्या दिवशी तो ३६६ वर बाद झाला, त्यात २६ षटकार होते. जगाचा विक्रम आपल्या शहरात झाला आणि आपल्यातल्या बहुतेकांना तो संध्याकाळी बातम्यांत कळला. प्रतिस्पर्धी दुबळा होता, हे खरे आहे. पण हैदराबाद त्या गटात का खेळत होते, हेही जाणून घ्यावे. आदल्या हंगामात, म्हणजे २०२२-२३ मध्ये, आपला संघ वरच्या गटात तळाला राहिला आणि प्लेट गटात घसरला. दोनदा रणजी जिंकलेला संघ, गुलाम अहमद, जयसिंहा, अझरुद्दीन, लक्ष्मण यांचा संघ, नवख्या राज्यांबरोबर खेळू लागला. कोणी हसले, बहुतेकांनी पाहणेच सोडले. जे थोडे पाहत राहिले, त्यांनी तन्मयची खेळी पाहिली, आणि पुढच्याच महिन्यात मेघालयाला हरवून संघ प्लेट गटाचा विजेता होऊन परत वर गेलेलाही पाहिला. संघ घसरला तेव्हा जो सोबत होता, त्यालाच चढण्याचा खरा आनंद मिळतो. वयाच्या पन्नाशीत ही गोष्ट जितकी पटते, तितकी विशीत पटत नाही.

कोणी म्हणेल, आयपीएलमध्येही हैदराबाद आहेच की. आहे, आणि आम्ही तेही पाहतो. डेक्कन चार्जर्स २००८ मध्ये सर्वांत शेवटी होते आणि २००९ मध्ये विजेते झाले. नापास झालेल्या मुलांना आम्ही हे उदाहरण नेहमी सांगतो. पण तो संघ २०१२ मध्ये संपला. त्याच्या जागी सनरायझर्स आले, त्यांनी २०१६ मध्ये विजेतेपद मिळवले. फुटबॉलमध्येही असेच घडले. पुण्याचा एफ. सी. पुणे सिटी हा संघ २०१९ मध्ये बंद पडला आणि त्याच्या जागी हैदराबाद एफ. सी. आला. पहिल्या हंगामात तळाला राहिलेल्या या संघाने २० मार्च २०२२ ला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर केरळला पेनल्टीवर हरवून इंडियन सुपर लीग जिंकली. गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी त्या रात्रीचा नायक होता. आणि २०२५ मध्ये तोच संघ नाव बदलून दिल्लीला गेला. ज्या मुलांनी पिवळे शर्ट घेतले होते, त्यांनी आता काय करायचे? पुण्याच्या मुलांना २०१९ मध्ये हाच प्रश्न पडला असणार. मालकाचा संघ मालकाबरोबर जातो. व्यवहार म्हणून त्यात गैर काही नाही, पण मन गुंतवताना एवढे लक्षात ठेवावे.

मोहम्मद सिराजचे तर आणखी मजेचे आहे. रिक्षाचालकाचा मुलगा, याच शहरातल्या मैदानांवर खेळून वर आलेला. २०१६-१७ च्या रणजी हंगामात त्याने हैदराबादसाठी ४१ बळी घेतले, तेव्हा देशाला तो ठाऊक नव्हता, इथल्या पायऱ्यांवर बसणाऱ्यांना मात्र ठाऊक होता. ६ एप्रिल २०२५ ला तो उप्पलला गुजरातच्या संघाकडून खेळायला आला आणि त्याने १७ धावांत ४ बळी घेऊन सनरायझर्सचा पराभव केला. त्या दिवशी कोणाच्या बाजूने असावे, हा पेच आम्हाला पडला नाही. शर्ट कोणताही असो, मुलगा आपला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये ओव्हलच्या कसोटीत शेवटचा बळी त्यानेच घेतला आणि भारत ६ धावांनी जिंकला, तेव्हा सारा देश त्याला ओळखत होता. पण पहिली टाळी इथल्या रिकाम्या पायऱ्यांवर वाजली होती, याचा आम्हाला आजही अभिमान वाटतो.

हे सारे सांगण्याचे कारण आता सांगतो. काही पालकांनी शाळेकडे अर्ज दिला आहे की, दहावीच्या वर्गांचे खेळाचे तास बंद करावेत आणि त्या वेळात गणित व विज्ञानाचे जादा वर्ग घ्यावेत. विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत हा विषय आहे. पालकांची काळजी आम्ही समजू शकतो. दहावीनंतर इंटरमिजिएट, मग इंजिनिअरिंग किंवा मेडिकलची प्रवेश परीक्षा, एका एका गुणासाठी चाललेली ओढाताण, हे सगळे आम्ही रोज पाहतो. अर्ज करणाऱ्यांत अनेकजण आमचे माजी विद्यार्थी आहेत, त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. तरीही आमचे मत या मागणीच्या विरुद्ध आहे, आणि ते बैठकीच्या आधी सर्वांसमोर मांडणे आम्हाला योग्य वाटते.

प्रथम हिशेब पाहू. आठवड्यात खेळाचे तास दोन, प्रत्येकी चाळीस मिनिटांचे, म्हणजे एकूण ऐंशी मिनिटे. आयपीएलचा एक सामना सुमारे साडेतीन तास चालतो. म्हणजे मुलाने घरी बसून एक सामना पाहिला की अडीच आठवड्यांहून अधिक खेळाचे तास संपले. वेळ वाचवायचाच असेल, तर तो कुठून वाचवावा हे या हिशेबावरून उघड आहे. खेळणे बंद करून खेळ पाहणे चालू ठेवायचे, हा व्यवहार आम्हाला तोट्याचा वाटतो.

दुसरी गोष्ट एका शिक्षकाची. सय्यद अब्दुल रहीम हे नाव २०२४ च्या 'मैदान' चित्रपटामुळे मुलांना माहीत झाले आहे. पण ते मुळात याच शहरातले शाळामास्तर होते, आपल्या काचिगुड्याच्या शाळेतही त्यांनी शिकवले. उस्मानिया विद्यापीठाचे ते पदवीधर. त्यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारत १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक विजेता ठरला आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा आला. जकार्ताच्या त्या १९६२ च्या विजयाच्या वेळी ते कर्करोगाने आजारी होते, आणि ११ जून १९६३ ला त्यांचे निधन झाले. त्यानंतर भारतीय फुटबॉलला आशियाई सुवर्णपदक पुन्हा मिळाले नाही. अशी माणसे खेळाच्या तासाला 'रिकामा तास' समजणाऱ्या शाळांतून निघत नाहीत.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. दहावीतली सगळी मुले काही सिराज किंवा सिंधू होणार नाहीत. बहुतेक आमच्यासारखी कडेला बसून पाहणारी होतील, आणि त्यात काही कमीपणा नाही. पण पाहायचे कसे, हे सुद्धा मैदानावरच शिकता येते. ज्याने स्वतः खो-खोत धावून दम लागल्याचा अनुभव घेतला आहे, तो हरलेल्या संघाला शिव्या देत नाही. ज्याच्या हातून झेल सुटला आहे, तो दुसऱ्याचा झेल सुटल्यावर टीव्ही फोडायला उठत नाही. हरल्यावर समोरच्याशी हात मिळवायचा आणि सोमवारी पुन्हा वर्गात येऊन बसायचे, हे कोणत्याही जादा वर्गात शिकवता येत नाही. ज्या मुलाला फक्त जिंकणारेच पाहण्याची सवय लागली, त्याचे स्वतःचे गुण कमी पडले की तो स्वतःकडेही पाहीनासा होतो. निकालाच्या दिवशी अशी मुले आमच्या खोलीबाहेर भिंतीकडे तोंड करून उभी असलेली आम्ही पाहिली आहेत. त्यांची काळजी आम्हाला गणिताच्या गुणांपेक्षा जास्त वाटते.

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की, दहावीचे खेळाचे तास कायम ठेवावेत. जादा वर्ग हवेत, हे आम्हालाही मान्य आहे. ते शाळा सुटल्यानंतर आठवड्यातून तीन दिवस घ्यावेत. आमचे शिक्षक त्याला तयार आहेत, आणि आम्ही स्वतः हिंदीचा वर्ग घेऊ.

पालकांना विनंती वेगळी आहे. आमच्या मुला-मुलींचे आंतरशालेय खो-खो आणि कबड्डीचे सामने होतात, तेव्हा कडेला बहुधा क्रीडा शिक्षक, शिपाई आणि आम्ही एवढेच असतो. गेल्या वर्षी मुलींचा संघ एका सामन्यात हरत असताना दोन आई येऊन उभ्या राहिल्या आणि शेवटपर्यंत टाळ्या वाजवत राहिल्या. मुली हरल्याच. पण परत येताना बसमध्ये त्या पराभवाबद्दल बोलत नव्हत्या, "काकू आल्या होत्या" हेच सांगत होत्या. पालकांनी वर्षातून निदान एका शनिवारी यावे. मुलगा संघात असो वा नसो, यावे. निकाल काय लागला याची चौकशी संध्याकाळी फोनवर करण्यापेक्षा, तो लागताना तिथे असावे.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला एक छोटेसे काम देतो. या हंगामात हैदराबादच्या रणजी संघातल्या अकरा खेळाडूंची नावे पाठ करा, आणि सुट्टीच्या दिवशी शहरात सामना असेल तर घरच्यांबरोबर एकदा जाऊन या. रणजीला बहुधा तिकीट लागत नाही आणि जागा भरपूर असते. टोपी घाला, पाणी न्या. सावलीच्या बाजूला एखादा चष्मेवाला शौकीन उशी घेऊन बसलेला दिसला, तर जवळ येऊन बसायला संकोच करू नका. धावफलक कसा वाचायचा, ते आम्ही आनंदाने शिकवू.

आगामी सामन्यांच्या तारखा सूचना फलकावर लावल्या आहेत. सर्वांना परीक्षेसाठी आणि खेळासाठी मनःपूर्वक शुभेच्छा.

आपले,
मुख्याध्यापक